नांदेड ते कोल्हापूर : अंतर कोणाचे, वेळ कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना नवल वाटले असेल. ज्या कार्यकर्त्यांचा बहुतेक प्रवास एस.टी.च्या मागच्या बाकावर नाहीतर रेल्वेच्या अनारक्षित डब्यात होतो, त्यांच्या अभ्यासवर्गात दोन विमानतळांमधील अंतराची आणि उड्डाणाच्या वेळेची चर्चा कशासाठी? परंतु अंतर ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात दिसते तेवढी निरुपद्रवी नसते. गाडी कोठून सुटते, कोठून वळसा घेते, तिचे भाडे कोणाच्या खिशाला परवडते आणि मार्ग आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता प्रवासी होता, यांवर दोन गावे एकमेकांच्या जवळ आहेत की लांब हे ठरत असते. याची तपासणी एकाच उदाहरणावर करता येईल. मराठवाड्याच्या पूर्व टोकाचे नांदेड आणि दक्षिण महाराष्ट्राच्या टोकाचे कोल्हापूर. दोन्ही ठिकाणी विमानतळ आहेत, दोन्ही ठिकाणी विद्यापीठे आहेत, दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, आणि दोन्ही ठिकाणची माणसे एकाच राज्यात राहतात.

प्रथम केवळ भूगोल. नांदेडचा विमानतळ सुमारे १९ अंश ११ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश १९ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापूरचा उजळाईवाडी येथील विमानतळ १६ अंश ४० मिनिटे अक्षांशावर आणि ७४ अंश १७ मिनिटे रेखांशावर. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक अडीच अंशांचा आणि पूर्व-पश्चिम फरक तीन अंशांचा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असला तरी उत्तरेकडे सरकावे तसा तो आखडत जातो, आणि महाराष्ट्राच्या या पट्ट्यात तो सुमारे १०६ किलोमीटरांचा भरतो. त्यामुळे एक बाजू २८० किलोमीटरांची, दुसरी ३२१ किलोमीटरांची. शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो, आणि कर्ण निघतो सुमारे ४२५ किलोमीटर. पृथ्वी गोल आहे म्हणून खरे तर वक्ररेषेने मोजावे लागते, परंतु एवढ्या लहान अंतरात त्याने पडणारा फरक नगण्य आहे. वैमानिकांच्या भाषेत सांगायचे तर हे अंतर २३० सागरी मैलांचे.

लहान विमानतळांवर बहुधा ए.टी.आर. ७२ या जातीची, पंख्यांवर चालणारी, सत्तरएक आसनांची विमाने येतात. उंचीवर गेल्यानंतर त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास असतो. सरळ भागाकार केला तर ४२५ किलोमीटरांना एक्कावन्न मिनिटे लागावीत. पण विमान काही पूर्ण वेगानेच जन्माला येत नाही. ते धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाते, चढते, उतरताना वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत येते आणि पुन्हा रांगत थांब्यापाशी जाते. वेळापत्रकात छापली जाणारी वेळ ही चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावीपर्यंतची असते. ती धरली म्हणजे नांदेड-कोल्हापूर हे उड्डाण सुमारे एक तास दहा मिनिटांचे होईल. वारा पाठीशी असेल तर पाच-सात मिनिटे वाचतील, समोरून असेल तर तेवढीच अधिक लागतील.

यात विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे, घरापासून विमानतळापर्यंतची रिक्षा, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आणि पुन्हा रिक्षा यांची भर घातली पाहिजे. म्हणजे दारापासून दारापर्यंत साडेचार तास. सत्तर मिनिटांच्या उड्डाणासाठी दोनशे मिनिटे जमिनीवर जातात. लहान अंतराच्या विमानप्रवासाचे हे जन्मजात दुखणे आहे. मुंबई-दिल्ली प्रवासात ही दोनशे मिनिटे पचून जातात, नांदेड-कोल्हापूरसारख्या प्रवासात ती अंगावर येतात. तरीही साडेचार तास म्हणजे एस.टी.च्या रात्रभराच्या प्रवासापेक्षा पुष्कळच कमी. रस्त्याने हे अंतर लातूर, सोलापूर, मिरज या मार्गाने पाचशे किलोमीटरांच्या घरात जाते आणि त्याला सुमारे बारा तास लागतात.

येथपर्यंत गणित विमानाच्या बाजूने आहे. अडचण पुढे सुरू होते. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत, २०१७-१८ च्या सुमारास, जेव्हा या दोन्ही विमानतळांसाठी मार्ग वाटले गेले, तेव्हा नांदेडला हैदराबाद आणि मुंबई मिळाले. कोल्हापूरला मुंबई, हैदराबाद, बंगळूर आणि तिरुपती मिळाले. नांदेडचा मनुष्य कोल्हापूरला विमानाने जाऊ म्हणेल तर त्याने आधी मुंबईस जावे किंवा हैदराबादेस जावे, असा त्या आखणीचा अर्थ होता. नांदेड ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर, मुंबई ते कोल्हापूर सुमारे ३१० किलोमीटर. एकूण ७८० किलोमीटर. हैदराबादमार्गे ६९० किलोमीटर. म्हणजे ४२५ किलोमीटरांच्या अंतरासाठी पावणेदोनपट वाट, शिवाय मधल्या विमानतळावर दुसऱ्या विमानाची वाट पाहण्याचे तास. इतका वेळ घालविणारा प्रवासी रात्रीच्या एस.टी.तून आधीच कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर चहा पीत बसलेला असेल.

हे कोणा एका अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणाने घडले असे समजणे चूक ठरेल. चाकाच्या आऱ्या जशा तुंब्याकडे जातात तसे मार्ग राजधानीकडे नेण्याची खोड फार जुनी आहे. नांदेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला तो हैदराबाद ही राजधानी मुंबईच्या मार्गाशी जोडण्यासाठी. कोल्हापूर हे वेगळे संस्थान होते. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग झाला आणि कोल्हापूर पुण्या-मुंबईच्या मार्गाशी जोडले गेले. कोल्हापूरचा विमानतळही संस्थानी काळातला, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीतला. निजाम सरकारनेही १९४५ साली डेक्कन एअरवेज ही स्वतःची विमान कंपनी काढली होती. दोन राज्ये, दोन राजधान्या, दोन दिशा. त्या काळी नांदेड आणि कोल्हापूर यांना सरळ जोडण्याचे कोणाला कारणच नव्हते.

या दोन प्रदेशांना जोडणारा एकच धागा तेव्हा होता आणि तो अडीच फूट रुंदीचा होता. बार्शी लाइट रेल्वे. कुर्डुवाडी ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला. १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. तिची मालकी इंग्रजी कंपनीकडे होती आणि मार्ग आखताना तिच्या डोळ्यांसमोर पंढरीचे वारकरी आणि लातूरचा कापूस व धान्य होते. गाडी सावकाश चाले. तथापि लातूरपासून मिरजेपर्यंत आडवी जाणारी, मुंबईचे किंवा हैदराबादचे दर्शन न घेता मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्र एकत्र आणणारी तीच एक वाट होती. १९५४ साली ती सरकारच्या ताब्यात आली. तिचे रुंदीकरण मात्र नव्या शतकाच्या पहिल्या दशकात पार पडले. लातूर-कुर्डुवाडी मार्ग २००८ साली पुरा झाला आणि पंढरपूर-मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. संयुक्त महाराष्ट्र १९६० साली झाला. त्या राज्याच्या दोन भागांना जोडणारा मार्ग पूर्ण रुंदीचा व्हायला आणखी पन्नास वर्षे लागली. भाषा एक झाली, विधानसभा एक झाली, पण रूळ एक व्हायला अर्धे शतक गेले.

हवाई मार्गांची कथा याहून फार निराळी नाही. १९५३ साली संसदेने कायदा करून देशातील विमान कंपन्या राष्ट्रीय मालकीच्या केल्या आणि देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आली. निजामाची डेक्कन एअरवेजही त्यातच विलीन झाली. पुढे लहान शहरांसाठी म्हणून १९८१ साली ‘वायुदूत’ निघाले. ईशान्य भारतासाठी सुरू झालेल्या या सेवेची छोटी विमाने महाराष्ट्रातील काही लहान धावपट्ट्यांवरही उतरू लागली. तोटा वाढत गेला आणि १९९३ साली वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाले. १९९४ साली राष्ट्रीयीकरणाचा कायदाच रद्द झाला. त्यानंतर खासगी कंपन्यांचे युग आले. २००८ साली नांदेडला गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीचा सोहळा झाला आणि त्या निमित्ताने विमानतळाचे रूप पालटले. पुढच्याच वर्षी नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. कालांतराने ते परत कसे घ्यावेत याचा विचार राज्य सरकारला करावा लागला. नांदेड आणि कोल्हापूर या दोन्ही शहरांत विमाने आणणारी एक खासगी कंपनी २०१२ साली कर्जाच्या ओझ्याखाली बसली. नांदेडची सेवा पुन्हा सुरू करणारी दुसरी कंपनी २०२२ साली थांबली. विमानतळ उभा राहतो, फीत कापली जाते, काही महिने विमान येते आणि मग एक दिवस येईनासे होते. इमारत तेवढी झाडून-पुसून ठेवलेली असते.

‘उडान’ योजनेची मूळ कल्पना वाईट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून तिचे उद्घाटन झाले, आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद उड्डाणालाही दूरदृश्य पद्धतीने झेंडा दाखविण्यात आला. हवाई चप्पल घालणारा मनुष्य विमानात बसलेला दिसावा, अशी इच्छा पंतप्रधानांनी त्या प्रसंगी व्यक्त केली. सुमारे पाचशे किलोमीटरांच्या, म्हणजे तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये ही भाड्याची कमाल मर्यादा ठरली. ही मर्यादा विमानातील सर्व आसनांना नव्हती. ती साधारणतः निम्म्या आसनांना होती, आणि तीही अधिकाधिक चाळीसपर्यंत. सत्तर आसनांच्या विमानात पस्तीस माणसे या भाड्याने जाणार. एस.टी.च्या एका साध्या गाडीत याहून अधिक माणसे बसतात. कंपनीला पडणारी तूट तीन वर्षांपर्यंत भरून द्यायची, त्यातील ऐंशी टक्के भार केंद्राच्या निधीने उचलायचा आणि वीस टक्के राज्याने. केंद्राचा निधी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून जमवायचा. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाने नांदेडच्या प्रवाशाला थोडा हात द्यायचा. समाजवादी कार्यकर्त्याला या तत्त्वाविरुद्ध काही बोलण्याचे कारण नाही.

परिणाम काय झाला ते महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर, म्हणजे निम्म्याहून अधिक मार्गांवर, विमान उडालेच नाही. उरलेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांचा सवलतीचा काळ पुरा केला. आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ मध्ये चालू राहिलेले मार्ग किती? फक्त ५४. शंभरातले सात. शेतात शंभर दाणे पेरून सात उगवले तर शेतकरी बियाणे विकणाऱ्याची गचांडी धरतो. येथे मात्र पुढच्या फेरीची जाहिरात निघते.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते : प्रवासी नाहीत. हे उत्तर अर्धे खरे आहे म्हणूनच त्याकडे नीट पाहिले पाहिजे. मराठवाडा आणि कोल्हापूर यांच्या दरम्यान प्रवासी नाहीत काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास सोलापूरच्या रस्त्यावर कोणीही उभे राहून पाहावे. बीड जिल्ह्यातून सर्वांत अधिक, आणि त्याबरोबर नांदेड, लातूर, परभणी जिल्ह्यांतूनही ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि पलीकडे कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघालेल्या दिसतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत पाचटाच्या खोपीसाठी बांबू आणि ताडपत्र्या, चुलीची भांडी, धान्याची पोती, शेळ्या, आणि या सर्वांच्या वर बसलेली बायका-मुले. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाची ओळख त्याच्या हत्याराच्या नावाने होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा प्रवास असतो. चैत्राच्या सुमारास हेच लोक परत निघतात. दरवर्षी, न चुकता, पिढ्यानपिढ्या. महाराष्ट्राच्या या दोन भागांना खऱ्या अर्थाने जोडणारी वाहतूक ही आहे. परंतु मार्गाची मागणी मोजणाऱ्या कोणत्याही तक्त्यात ती येत नाही, कारण तिकीट काढणाऱ्यालाच त्या तक्त्यात प्रवासी म्हणतात.

हा मनुष्य विमानात बसला तर किती वेळ वाचेल? येथे हिशेबाची रीत बदलावी लागते. इव्हान इलिच यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ऊर्जा आणि समता या विषयावरील छोट्या पुस्तकात अमेरिकन मोटारीचा वेग निराळ्या पद्धतीने मोजला होता. मोटार चालविण्याचा वेळ आणि तिचा खर्च भागविण्यासाठी कामावर घालविलेला वेळ यांची त्यांनी बेरीज केली. वर्षाला सोळाशे तास देऊन अमेरिकन मनुष्य साडेसात हजार मैल जातो, असे उत्तर आले. म्हणजे ताशी पाच मैलांहूनही कमी. तीच रीत नांदेड-कोल्हापूरला लावून पाहावी.

समजा, या मार्गावर थेट विमान आहे आणि ते २०१७ च्या कमाल भाड्याने, अडीच हजारांत, मिळते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा केंद्राने ठरविलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. अडीच हजार मिळवायला आठ दिवस, म्हणजे चौसष्ट तास काम. त्यात दारापासून दारापर्यंतचे साडेचार तास मिळवावेत. एकूण साडेअडुसष्ट तासांत ४२५ किलोमीटर. विमानाचा वेग निघतो ताशी सहा किलोमीटरांच्या किंचित वर. पाय उचलून चालणारा मनुष्य त्याच्याबरोबर राहील. हा हिशेब विमानाच्या बाजूने झुकवूनच केला आहे, कारण भाडे आठ वर्षांपूर्वीचे धरले आहे आणि मजुरी नंतरची.

आता त्याच मजुराला लाल एस.टी.त बसवावे. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरांच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास झाले. पाचशे किलोमीटरांना सुमारे साडेआठशे रुपये. ते मिळवायला बावीस तासांचे काम आणि बारा तासांचा प्रवास, एकूण चौतीस तास. रस्त्याची वळणे प्रवाशाच्या गतीत धरू नयेत म्हणून अंतर तेच ४२५ किलोमीटर घेतले, तरी वेग ताशी साडेबारा किलोमीटर येतो. म्हणजे मजुराच्या दृष्टीने खडखडत जाणारी एस.टी. विमानाच्या दुप्पट वेगाने धावते. आणि त्या मजुराची बायको? १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे. तिला तिकिटासाठी अकरा तास राबावे लागते, आणि तिच्यासाठी तीच गाडी ताशी साडेअठरा किलोमीटरांच्या वेगाने जाते. इंजिनाला हात न लावता गाडीचा वेग वाढविता येतो, तो असा.

उलट, महिना लाख रुपये पगाराचा मनुष्य घ्यावा. त्याचा तास पाचशे रुपयांचा. विमानाचे भाडे तो पाच तासांत मिळवितो, साडेचार तासांत पोहोचतो, आणि त्याचा वेग ताशी पंचेचाळीस किलोमीटर पडतो. एस.टी.ने गेला तर ताशी एकतीस. त्याच्यासाठी विमान खरोखरच वेगवान आहे. एकाच आकाशातले एकच विमान एका प्रवाशासाठी पंचेचाळीसच्या वेगाने उडते आणि दुसऱ्यासाठी सहाच्या. वेळापत्रकात मात्र दोघांनाही एक तास दहा मिनिटेच दिसतात.

यावरून विमानतळ नकोतच असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसा विचार करणारी माणसे चळवळीत आहेत, आणि त्यांचे म्हणणे प्रामाणिक असले तरी अपुरे आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि कित्येक दिवस कोल्हापूर रस्त्याने तुटले. अशा वेळी गावाजवळ धावपट्टी असणे याचे मोल रुपयांत होत नाही. तातडीचे रुग्ण आहेत, औषधे आहेत, प्रत्यारोपणासाठी न्यायचे अवयव आहेत. धावपट्टी ही अग्निशामक बंबासारखी सार्वजनिक सोय आहे असे मानले तर तिचा तोटा सोसण्याला अर्थ आहे. मग त्या तोट्याचा हिशेबही बंबाच्या हिशेबासारखा उघडा मांडला पाहिजे, आणि तीन वर्षांनी निघून जाणाऱ्या कंपनीच्या भरवशावर तो सोडता कामा नये.

अंतर कमी करण्याचा आणखी एक उपाय आहे, आणि सत्ताधाऱ्यांना तो सर्वांत कमी आवडतो. माणसाला कचेरीकडे नेण्याऐवजी कचेरी माणसाकडे आणणे. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादेस मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले, त्या दिवशी नांदेडच्या पक्षकाराच्या वाटेतून मुंबई वजा झाली. कोल्हापूरच्या लोकांना त्यासाठी कित्येक दशके मागणी, मोर्चे आणि न्यायालयीन कामावर बहिष्कार हे सर्व करावे लागले. अखेर १८ ऑगस्ट २०२५ रोजी तेथे सर्किट बेंच बसले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांच्या मुंबईच्या खेपा त्याने वाचविल्या. कोल्हापूर-मुंबई विमान रोज उडूनही सिंधुदुर्गातल्या कुळाच्या किंवा सोलापूरच्या गिरणी कामगाराच्या वारसाच्या जेवढ्या खेपा वाचल्या नसत्या, तेवढ्या न्यायाधीशांची खुर्ची हलल्याने वाचल्या. विकेंद्रीकरण हा शब्द चळवळीत फार वापरला जातो. त्याचे माप किलोमीटरांत घेता येते, हे कमी वेळा लक्षात येते.

शक्तिपीठ महामार्गाच्या वादातही प्रश्न हाच आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत आठशे किलोमीटरांचा हा रस्ता प्रवासाचे अठरा तास आठावर आणील, असे सांगितले गेले. नांदेडहून लातूर, तुळजापूर, सोलापूरमार्गे कोल्हापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आधीच आहे. मग वाचणारे दहा तास कोणाचे आणि त्यासाठी जाणारी जमीन कोणाची, असे कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी विचारले. त्यांच्या विरोधामुळे सरकारला एकदा पाऊल मागे घ्यावे लागले, आणि २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी पुन्हा हजारो कोटींची तरतूद मंजूर केली. त्या लढ्याचा तपशील स्वतंत्र चर्चेचा आहे. तूर्त एवढेच नोंदवावे की शेतकऱ्यांनी विचारलेला प्रश्न इलिचच्या हिशेबातलाच होता, आणि तो त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय सुचला.

या सर्वांतून कार्यकर्त्यांनी करावयाचे काम साधे आहे. ज्या जिल्ह्यात विमानतळ आहे तेथे राज्याच्या वीस टक्क्यांपोटी आजवर किती रक्कम दिली गेली, किती उड्डाणे ठरली होती, किती झाली आणि सवलतीच्या आसनांवर किती माणसे बसली, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी. त्याच काळात त्या जिल्ह्यातील एस.टी. आगारांना किती नव्या गाड्या मिळाल्या आणि किती फेऱ्या बंद झाल्या, हेही त्याच अर्जात विचारावे. दोन आकडे शेजारी-शेजारी छापले म्हणजे भाषणाची गरज उरत नाही. ऊसतोडणीच्या हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस टोळ्यांसाठी एस.टी.च्या आणि रेल्वेच्या खास गाड्या सोडाव्यात, त्यांचे भाडे कारखान्याने द्यावे आणि ते उचलीत धरू नये, ही मागणी कारखान्यांच्या गेटवर आणि विधानसभेत एकाच वेळी गेली पाहिजे. ट्रॉलीवरून पडून मेलेल्या मुलाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. मृत्यूनंतर मिळणाऱ्या मदतीपेक्षा डब्यातली जागा स्वस्त पडेल.

आणि रेल्वे. बार्शी लाइटच्या जुन्या वाटेवरून, रुंद झालेल्या रुळांवरून, कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, परळी, परभणी असे करीत नांदेडला येते. मुंबई नाही, हैदराबाद नाही, सरळ आडवी वाट. ती आठवड्यातून एकदा धावते. रूळ आहेत, स्थानके आहेत, प्रवासी अनारक्षित डब्याच्या दारात लोंबकळत असतात. ती रोज सोडायला नवी धावपट्टी लागत नाही, जमीन घ्यावी लागत नाही. हवा आहे एक गाडीचा संच आणि वेळापत्रकातील सहा दिवसांच्या सहा रकाने भरण्याचा निर्णय. लातूर, परळी आणि मिरज येथील शाखांनी या महिन्यातच स्थानक-अधीक्षकांकडे सह्यांचे निवेदन द्यावे आणि त्याच्या प्रती तिन्ही मतदारसंघांच्या खासदारांकडे पाठवाव्यात. सह्या प्रतीक्षालयात न घेता फलाटावर, अनारक्षित डब्यासमोर घ्याव्यात.